आवडीचं बाळकडू

जुना कृष्णधवल सिनेमा होता. नायक चिडून खोलीबाहेर जातो, दार आपटतं आणि कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्यावर थांबतो. त्या एका चेहऱ्यासाठी मी हा सिनेमा निदान दहा वेळा पाहिला असेन. सव्वातीन वर्षांची आमची मुलगी मात्र सोफ्यावरून उतरली, टीव्हीच्या मागे गेली आणि वाकून बघायला लागली. "बाबा, तो काका इथे नाहीये." मागे धूळ होती, वायरींचा गुंता होता आणि तिची आठवडाभर हरवलेली एक चप्पल होती.

चप्पल सापडली, पण माझा सिनेमा तिथेच बारगळला. मग लक्षात आलं की तिचा प्रश्न वेडगळ नव्हता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. टीव्हीच्या पडद्यावर पॉपकॉर्नचं भांडं दिसतंय. मुलांना विचारलं, हा टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडतील का? तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांचं उत्तर 'हो' असं होतं. चार वर्षांची मुलं मात्र 'नाही' म्हणाली, ते नुसतं चित्र आहे हे त्यांना कळत होतं. म्हणजे मी मोठ्या कौतुकाने लेकीला माझा लाडका सिनेमा दाखवत होतो, पण तिच्या लेखी तिथे सिनेमा नव्हताच. एका खोक्यात काही माणसं राहत होती आणि त्यातला एक काका आत्ताच कुठेतरी गेला होता.

घरात पुस्तकांची कपाटं असलेल्या, सिनेमावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या आईबापांना मूल झालं की एक सुप्त इच्छा असतेच, की आपलं हे वेड याच्याकडे जावं. त्यासाठी आपल्याकडे शब्दही तयार आहे: बाळकडू. 'वाचनाचं बाळकडू घरातूनच मिळालं' हे वाक्य नसलेली मुलाखत शोधून सापडणार नाही. पण बाळकडू ही मुळात कडू गोष्ट, आणि ती बाळाला न विचारता पाजली जायची. आवड अशी पाजता येते का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या बाजूंनी हाताळलाय.

आधी एक मूलभूत गोष्ट. दुसऱ्याची आवड आपल्याहून वेगळी असू शकते हे तरी मुलांना कधी कळतं? बेटी रेपाकोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांचा 1997 चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. टेबलावर दोन वाडग्या, एकीत खारी बिस्किटं आणि दुसरीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडली. मग समोरच्या बाईने दोन्ही चाखून पाहिलं, पण बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं आणि ब्रोकोली खाऊन खूश झाली. नंतर तिने हात पुढे केला, 'मला देतोस थोडं?' चौदा महिन्यांच्या मुलांनी तिच्या हातावर बिस्किटं ठेवली. आपल्याला आवडतं तेच तिलाही आवडणार! अठरा महिन्यांच्या मुलांनी मात्र ब्रोकोली उचलून दिली. स्वतःला ती अजिबात नको असताना.

या प्रयोगातली अठरा महिन्यांची मुलं मला नेहमी थोडं लाजवतात. पोराच्या वाढदिवसाला स्वतःच्या आवडीचे पुस्तकसंच देणारे आपण मोठे लोक अजून बिस्किटंच वाटत असतो.

आता माझ्या सिनेमाकडे परत येतो. त्या संध्याकाळनंतर मी एक पळवाट काढली. तिने खेळावं, मी बघावं. सिनेमा मोठ्यांचा, त्यात तिला काही कळत नाही, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये एक, दोन आणि तीन वर्षांची पन्नास मुलं घेतली आणि प्रत्येकाला खेळणी देऊन तासभर खेळू दिलं. त्यातला अर्धा तास खोलीत टीव्हीवर मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलांनी त्याकडे जवळपास लक्षच दिलं नाही. मान वळवायची, काही सेकंद बघायचं, पुन्हा खेळाकडे. तरीही टीव्ही चालू असताना त्यांचं एकेका खेळात रमणं तुटक झालं, एकाग्रतेचे क्षण आखूड झाले. त्याच गटाचं पुढच्या वर्षीचं संशोधन आईबापांवर होतं, आणि ते वाचून मी रिमोट खाली ठेवला. मागे टीव्ही चालू असला की पालक मुलांशी कमी बोलतात, आणि जे बोलतात तेही 'हं', 'अरे वा', 'बघू हं' अशा धाटणीचं. माझं 'अरे वा' तर तोंडपाठ झालं होतं. तिने गाडी दाखवली काय नि फुटलेला कप दाखवला काय, उत्तर एकच.

पुस्तकांचं गणित वेगळं आहे, कारण पुस्तक मोठ्याने वाचायला माणूस लागतो. आणि त्या माणसाच्या आवाजाची ओळख जन्माआधीच सुरू झालेली असते. अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी 1986 मध्ये काही गर्भवतींना शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा लहान मुलांच्या गोष्टीतला एकच उतारा मोठ्याने वाचायला सांगितलं. जन्मल्यावर अवघ्या काही दिवसांत बाळांच्या तोंडात एक खास चोखणी दिली. विशिष्ट लयीत चोखलं की ओळखीचा उतारा ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की अनोळखी. बाळांनी ओळखीचा उतारा ऐकू येईल अशीच चोखण्याची लय धरली. वाचणारी बाई स्वतःची आई नसली तरी! इथे शब्दांचा अर्थ वगैरे काही नाही, पोहोचतो तो भाषेचा ठेका. ही गोष्ट आपल्याकडच्या गर्भसंस्काराच्या दुकानदारांच्या हाती लागली तर ते तिचं काय करतील याची मला धास्तीच वाटते. म्हणून स्पष्ट सांगतो: बाळ हुशार झालं, असं या प्रयोगात कुठेही दाखवलेलं नाही. त्याला एक चाल ओळखता आली, एवढंच.

त्यामुळे मूल तान्हं असतं ते काही महिने आईबापांची चंगळ असते. मांडीवर घेऊन कादंबरी वाचा, अग्रलेख वाचा, पाककृती वाचा, सगळं चालतं. मी तिला क्रिकेटच्या सामन्याची धावफलकासकट बातमी वाचून झोपवलंय. पण वर्ष उलटलं की तिचं बोट पुढे येतं. बोट कशाकडे, हे ठरवणार ती.

या बोटाबद्दल मायकेल टोमासेलो आणि मायकेल जेफ्री फरार यांचं 1986 चं काम आहे. साधारण दीड वर्षाच्या मुलांना नव्या वस्तूंची नावं शिकवायची होती. काही वेळा मूल ज्या वस्तूकडे बघत होतं तिचंच नाव घेतलं, काही वेळा त्याचं लक्ष दुसरीकडे वळवून तिथल्या वस्तूचं नाव सांगितलं. पहिल्या पद्धतीत शब्द जास्त पक्के झाले. म्हणजे पानावर तुम्हाला मोर दाखवायचा आहे आणि मूल कोपऱ्यातल्या मुंगीकडे बघतंय, तर त्या क्षणी 'मुंगी' म्हणणं फायद्याचं. मोर कुठे पळून जात नाही.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 मध्ये हाच धागा वाचनात आणला. पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांचे पालक त्यांनी निवडले. दोन्ही गट तितक्याच वेळा पुस्तक वाचणार होते, पण एका गटाला सांगितलं की सलग वाचत सुटू नका. 'हे काय करतंय?' असं विचारा, मुलाने एक शब्द बोलला तर त्याचं वाक्य करून परत द्या, आणि हळूहळू गोष्ट सांगायचं काम त्याच्याकडे सोपवा. महिन्याभरात ही मुलं बोलण्यातून व्यक्त होण्याच्या एका चाचणीत दुसऱ्या गटापेक्षा साडेआठ महिने पुढे होती. आमच्याकडे हे कसं चालतं ते सांगतो. ती म्हणते "भूभू." मी म्हणतो, "हो, भूभू ओला झालाय." ती म्हणते "अंघोळ." मी म्हणतो, "अंघोळ केली की पावसात भिजला?" यावर ती बराच विचार करते आणि म्हणते, "साबण नाहीये." तीन वाक्यांत तर्कशास्त्र! एकेका पानाला दहा मिनिटं लागतात आणि गोष्ट कधीच संपत नाही.

संपली तरी सुटका नसते, कारण "परत" हा शब्द असतो. एकच पुस्तक रात्री चौथ्यांदा वाचताना सुसंस्कृत माणसाच्या मनातही हिंस्र विचार येतात. इथे विज्ञान मुलांच्या बाजूने आहे. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींतून काही बनवलेले नवे शब्द ऐकवले. एका गटाने त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या, दुसऱ्याने दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोघांच्या कानावर तितक्याच वेळा पडले होते, पण लक्षात राहिले ते पुनरावृत्तीवाल्या गटाच्या. पहिल्या वाचनात मूल कोण, कुठे, काय यातच गुंतलेलं असतं. ते एकदा बसलं की मग शब्दांकडे बघायला सवड मिळते. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत हे आधीच करून ठेवलंय. काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते थांब. पुन्हा दार, पुन्हा थांब, फक्त मधलं एक काम बदलतं, आधी अंघोळ, मग पावडर, मग तीट. सांगणाऱ्या आज्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण समोर बसलेलं पोर पाहिलं होतं.

आज्यांवरून आठवलं. नातवंडं परदेशात असलेल्या घरांतून हल्ली हीच गोष्ट व्हिडिओ कॉलवरून सांगितली जाते. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवरच्या 2014 च्या एका प्रयोगात दिसलं की समोरासमोर आणि थेट व्हिडिओ कॉलवर मुलं नवी क्रियापदं शिकली, आधीच चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतून मात्र शिकली नाहीत. पडदा तोच, पण कॉलवरची आजी 'काय रे, हसलास का?' असं विचारून उत्तराची वाट बघते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली. त्याहून लहान मुलांसाठी तर नकोच म्हटलं. त्या एका तासात काय आणि कुणाबरोबर, हे घराने ठरवायचं.

आमच्या घराने एकदा चुकीचं ठरवलं. मला लहानपणी प्रचंड आवडलेला एक साहसपट मी उत्साहाने लावला. माझ्या आठवणीत त्यात जंगल होतं, घोडे होते. पहिल्या वीस मिनिटांत येणारी, केस पिंजारलेली म्हातारी मी साफ विसरलो होतो. बरं, ती म्हातारी प्रेमळ होती, नायकाला वाट दाखवते. हे मी मुलीला समजावत बसलो, आणि ती किंचाळत राहिली.

सिंथिया हॉफनर आणि जोअ‍ॅन कँटर यांनी 1985 मध्ये अशाच म्हाताऱ्यांचे चार व्हिडिओ बनवले होते. दिसायला आजीसारखी किंवा चेटकिणीसारखी, आणि वागायला मांजराशी प्रेमळ किंवा क्रूर. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर दिसण्याचा पगडा मोठा होता, नऊ-दहा वर्षांची मुलं वागणं बघत होती. मोठ्यांना ज्यातला बारकावा भावतो, 'दिसते भयंकर पण आहे मायाळू', तोच लहानग्यांपर्यंत पोहोचत नाही. आणि भीती बसलीच तर या वयात समजावणीचा फार उपयोग होत नाही. जवळ घेणं, पांघरूण, काहीतरी खायला देणं हे जास्त लागू पडतं. ती भीती अल्पजीवी असेलच असं नाही. कँटर यांनीच क्रिस्टन हॅरिसन यांच्याबरोबर 1999 मध्ये विद्यापीठातल्या तरुणांना विचारलं, तेव्हा सुमारे नव्वद टक्क्यांना पडद्यावर पाहिलेल्या कशाची तरी भीती आठवत होती, आणि साधारण चौथ्या हिश्श्याच्या मनात तिचा अंश अजून शिल्लक होता. आमची बाई आजही तो घोडा दिसला की विचारते, "केसवाली येणार?"

मग आपली आवड मुलांत उतरतच नाही? उतरते, पण बहुधा समोर बसवून शिकवल्याने नव्हे. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी 2013 मध्ये साधारण वीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना 1955 ते 2009 या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली यात नवल नाही. नवल हे की 1980 च्या दशकाच्या सुरुवातीच्या, म्हणजे त्यांचे आईबाप तरुण असतानाच्या गाण्यांनाही ते तसेच हलले. शिवाय 1960 च्या दशकासाठीही एक छोटा उंचवटा दिसला, तो बहुधा आजीआजोबांचा. गाडीत, स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी घर आवरताना कानावर पडलेली ही गाणी. त्यांचा पाठ कुणी घेतला नव्हता.

पुस्तकं गाण्यांसारखी हवेत तरंगत नाहीत. बाप कादंबरीत बुडालेला असतो तेव्हा मुलाला फक्त बापाचा निश्चल चेहरा दिसतो, आणि फोन बघणाऱ्या बापाचा चेहराही हुबेहूब तसाच असतो. म्हणून मी हल्ली कधीकधी वाचता वाचता मोठ्याने हसतो आणि तिने "काय झालं?" विचारलं की सांगतो. परवा सांगितलं, "यातला एक माणूस स्वतःचाच चष्मा शोधतोय आणि तो त्याच्या कपाळावर आहे." तिला ते इतकं आवडलं की दिवसभर घरात चष्मे शोधणं चाललं.

काल रात्री झोपायची वेळ झाली. तिने स्वतःसाठी तेच भूभूचं पुस्तक काढलं, कडा कुरतडलेलं, एक पान चिकटपट्टीने जोडलेलं. मग पुन्हा कपाटाशी गेली, दोन्ही हातांनी माझी जाडजूड कादंबरी ओढून काढली, एकदा उघडून आत पाहिलं आणि नाक मुरडून माझ्या मांडीवर आदळली.

"हे तुझं. चित्रंच नाहीयेत."