कॅप्टन पाईक, काचेची भिंत आणि मेंदूचा उंबरठा

कॅप्टन ख्रिस्तोफर पाईक तालोस ग्रहाच्या पोटात, काचेच्या भिंतीआड कोंडलेला आहे. काचेपलीकडे फुगलेल्या कपाळाचे, शिरा टरारलेले तालोसवासी उभे आहेत. त्यांच्यातल्या एकाने नुसता विचार केला की कोठडी नाहीशी होते आणि पाईक आपल्या मूळ गावाजवळच्या हिरवळीवर बसलेला असतो. झाडाखाली चादर अंथरलेली, खाण्याची टोपली भरलेली, शेजारी त्याचा लाडका घोडा. तो घोड्याला थोपटतो. पुढच्या क्षणी पुन्हा काच.

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा हा पहिला नमुनाभाग, 'द केज', १९६४ च्या अखेरीस चित्रित झाला. वाहिनीने तो जरा जास्तच बौद्धिक म्हणून नाकारला. त्यातली बरीच दृश्यं १९६६ मध्ये दोन भागांच्या एका कथेत वापरली गेली आणि संपूर्ण भाग टीव्हीवर दिसला तो थेट १९८८ मध्ये. मी तो पाहिला तेव्हा एक प्रश्न डोक्यात बसला तो आजवर गेलेला नाही. पाईकला जे दिसलं ते तालोसवासीयांनी 'बनवलं' असं आपण सहज म्हणून जातो. पण घोडा पाईकच्या आठवणीतला, हिरवळ त्याच्या गावची, थोपटताना हाताला लागणारी लव त्याच्याच मेंदूतली. मग नक्की बनवलं कोणी?

याचं उत्तर शोधायला परग्रहावर जावं लागत नाही, कॅनडातलं मॉन्ट्रियल शहर पुरतं. वाइल्डर पेनफिल्ड हा मेंदूचा शल्यविशारद तिथे अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत असे, तीही रुग्ण जागा असताना. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, त्यामुळे कवटीपुरती भूल पुरते. कुठला भाग कापायचा नाही हे ठरवण्यासाठी पेनफिल्ड विजेच्या बारीक टोकाने मेंदूला ठिकठिकाणी स्पर्श करी आणि रुग्णाला विचारी, काय होतंय? कानशिलाआडच्या भागाला टोक लागलं की काहींना गाणं ऐकू येई, ओळखीचे आवाज येत, जुना प्रसंग समोर उभा राही. १९६३ मध्ये त्याने हिशेब मांडला. हा भाग चेतवलेल्या ५२० रुग्णांपैकी ४० जणांना असे अनुभव आले होते. आकडा लहान आहे, आणि हे खरोखरच साठवलेल्या आठवणींचं पुनःप्रक्षेपण असतं का यावर नंतर बराच वाद झाला. पण मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या रुग्णांना एकाच वेळी दोन्ही कळत होतं: आपण शस्त्रक्रियेच्या मेजावर आहोत, आणि आपण तिथेही आहोत. पाईकच्या नशिबी ही सोय नव्हती.

त्याच शहरात, मॅकगिल विद्यापीठात, १९५० च्या दशकात डोनाल्ड हेब यांच्या गटाने विजेलाही हात न लावता भास घडवले. विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर मिळत. काम एकच, गादीवर पडून राहायचं. डोळ्यांवर धुरकट चष्मा, त्यातून उजेड येई पण आकार दिसत नसे. हातात मोजे, मनगटापुढे पुठ्ठ्याच्या नळ्या, कानात यंत्राची एकसुरी घरघर. बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे तग धरता आला नाही. आधी ठिपके आणि नक्ष्या दिसत, मग अख्खी दृश्यं. एकाला खांद्यावर पोती टाकून शिस्तीत निघालेली खारींची रांग दिसली. त्या पोरांच्या मेंदूत कोणी काही घातलं नव्हतं, उलट बाहेरचं सगळं काढून घेतलं होतं. अंधारकोठडीतल्या कैद्यांना रंगीत उजेड दिसतो, तोही याच जातीचा अनुभव. कोंडणारा परग्रहावरचा नसला तरी चालतं, असा याचा अर्थ.

आपण डोळ्यांनी पाहतो हे अर्धंच खरं आहे. डोळ्यांकडून येणारी खबर तुटपुंजी असते. मेंदू आधीच अंदाज बांधून बसलेला असतो आणि आलेल्या खबरीवरून तो अंदाज दुरुस्त करत राहतो. घरबसल्या करून बघा. कागदावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे सुमारे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीवरच नजर रोखा आणि कागद हळूहळू जवळ आणा. हातभरापेक्षा कमी अंतरावर कुठेतरी ठिपका गायब होतो, कारण त्याची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर मज्जातंतू बाहेर पडतो त्या जागी पडते आणि तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. पण तिथे काळं भोक दिसतं का? नाही, कोरा कागद दिसतो. तो कागद मेंदूने भरला. जन्मापासून तो हे करत आलाय.

मग कल्पना आणि वास्तव यांतला फरक मेंदूला कळतो कसा? १९१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ पर्की यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना दुधी काचेकडे बघत टोमॅटो किंवा केळं कल्पायला सांगितलं आणि त्यांना न कळता काचेमागून त्याच वस्तूचं अगदी फिकट चित्र टाकलं. समोर खरोखर चित्र होतं, तरी लोकांनी ते आपल्या कल्पनेचं म्हणूनच वर्णन केलं. केळं उभं कसं दिसतंय, याचं मात्र नवल वाटलं. शंभर वर्षांनंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नादीन डाइक्स्ट्रा आणि स्टीफन फ्लेमिंग यांनी हाच धागा पुढे नेला. २०२३ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार मेंदू कल्पनेचा आणि डोळ्यांकडून आलेला संकेत एकत्र मिसळतो आणि त्याची एकूण ताकद मोजतो. ताकदीने एक उंबरठा ओलांडला की 'हे खरं', नाही ओलांडला तर 'हे मनातलं'. हे वाचून मी थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिलो. घोडा खरा वाटण्यासाठी पाईकच्या डोक्यात नवा घोडा घालायची गरजच नव्हती. आत असलेल्या घोड्याला उंबरठ्यापलीकडे जरा ढकललं की झालं.

हे ढकलणं उंदरांमध्ये जमलंही आहे. २०१९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये कार्ल डाइसरॉथ यांच्या गटाने आणि कोलंबिया विद्यापीठात राफाएल युस्ते यांच्या गटाने उंदरांच्या दृष्टिकेंद्रातल्या, म्हणजे मेंदूच्या पाहण्याच्या भागातल्या, पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा केल्या. ठरावीक रेघा दिसल्या की नळी चाटायची, असं उंदरांना शिकवलं होतं. मग रेघा न दाखवता, त्या बघताना चेतणाऱ्या मोजक्या पेशी लेझरने चेतवल्या आणि उंदरांनी रेघा दिसल्यासारखी नळी चाटली. माणसाच्या बाबतीत उद्देश दुखणं हलकं करण्याचा आहे. स्पेनमधल्या एल्चे इथल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सोळा वर्षं अंध असलेल्या एका बाईंच्या दृष्टिकेंद्रात ९६ विद्युतअग्रांची (विजेच्या बारीक टोकांची), चार मिलिमीटर बाजूची छोटी चकती सहा महिने बसवली होती. त्यातून त्यांना प्रकाशाचे ठिपके दिसत, आकार आणि काही अक्षरंही ओळखता येत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपुढे ९६ म्हणजे काहीच नाही, तरी अक्षर उमटलं.

तालोसवासीयांचं खरं अशक्य काम वेगळंच आहे. ते काचेपलीकडून, तारेशिवाय मन वाचतात. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असतं. ते टिपायला खास कवच घातलेली खोली लागते आणि संवेदक डोक्याला जवळजवळ चिकटवावे लागतात. बाहेरून चुंबकाने दृष्टिकेंद्र चेतवून उजेडाची तिरीप दाखवता येते, पण त्यासाठी त्या चुंबकाचं वेटोळं कवटीवरच टेकवावं लागतं. चार पावलांवरून घोडा दाखवायचा तर भौतिकशास्त्र आडवं येतं. म्हणजे या कथेतला जो भाग आपल्याला निव्वळ जादू वाटतो, तो भास, शक्यतेच्या जवळ आहे. दुरून मन वाचण्याचा भाग मात्र जवळ नाही.

पाईक सुटतो कसा? त्याने काचेवर शस्त्र चालवलं, काचेला काहीच झालेलं दिसलं नाही. पण तो ताडतो की भोक पडलंय, आपल्याला ते दिसू दिलं जात नाहीये. मग तो शस्त्र पहारेकऱ्याच्या डोक्याकडे रोखून म्हणतो, इथे चालवून बघू का? भास विरतो, भोक दिसतं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये म्हणणं सोपं आहे. पाईक त्याच्या पुढे जातो: भासाला ज्याची किंमत मोजावी लागेल असा प्रश्न विचारतो.

हे मला ओळखीचं वाटलं ते माझ्या आजीमुळे. आमच्या साताऱ्याकडच्या घरी तिची नजर मधोमध गेली होती, डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज. ऐंशीच्या पुढे गेल्यावर तिला अंगणाच्या गडग्यावर पोरं बसलेली दिसू लागली, जरीच्या टोप्या घातलेली, गप्प. तिने दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. म्हातारीला वेड लागलं म्हणतील, ही भीती. तिचं डोकं लख्ख होतं. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलंय. एकोणनव्वदीच्या त्या आजोबांची नजर अधू झाली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. डॉमिनिक फिच यांच्या गटाने १९९८ मध्ये असे भास होत असताना रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा रंग दिसत असेल तर रंगाचा भाग आणि चेहरे दिसत असतील तर चेहऱ्यांचा भाग जागा झालेला आढळला. खबर येणं थांबलं की मेंदूचे ते भाग आपणहून बोलू लागतात. घरात कुणाला असं काही दिसत असेल तर आधी ऐकून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, एवढी कळकळीची विनंती.

मी आजीला विचारलं होतं, पोरं खोटी हे तुला कळलं कसं. ती म्हणाली, "एकदा मी गडग्याकडं मूठभर तांदूळ फेकलं. चिमण्या आल्या. मला दिसत नाहीत रे, पण चिवचिव ऐकू येते की. पोरं तिथंच बसलेली आणि चिमण्या त्यांच्या पायाशी दाणं टिपतायत. खरी पोरं असती तर एक तरी चिमणी उडाली असती."