शस्त्रक्रियेच्या व्रणातील कर्करोगाचे निदान

शस्त्रक्रियेचा व्रण भरून आल्यावर बहुधा अनेक वर्षांनी त्याच जागी उद्भवणाऱ्या दुर्मीळ कर्करोगांची ओळख पटविण्याची प्रक्रिया. जुन्या व्रणातील त्वचेच्या कर्करोगाला झां निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाचे नाव मिळाले आहे. त्यांनी अशा चिघळणाऱ्या व्रणांचे वर्णन १८२८ मध्ये केले. हा प्रकार मुख्यतः भाजल्याच्या व्रणात आढळतो. सिझेरियनच्या व्रणातील कर्करोगाचा उगम वेगळा असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी पोटाच्या भिंतीत रुजतात आणि त्यांतून क्वचित कर्करोग होतो. तो बहुतेकदा क्लिअर सेल कार्सिनोमा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ, फिकट दिसणाऱ्या पेशींचा कर्करोग असतो.

निदानातील मुख्य अडचण तंत्राची नसून संशयाची आहे. व्रणातली गाठ म्हणजे टाक्याची गाठ, हर्निया किंवा केलॉइड (व्रणावर वाढलेले जाड ऊतक) असेच प्रथम समजले जाते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पुण्यात ससूनसारख्या रुग्णालयात भोर, जुन्नरकडून आलेल्या रुग्णाजवळ वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या सिझरचे कागद असतीलच असे नाही; तेव्हा तोंडी हकिकतीलाच महत्त्व येते. पूर्वी फक्त पाळीच्या दिवसांत दुखणारी गाठ सतत दुखू लागली किंवा झपाट्याने वाढली, तर तुकडा तपासणी लांबवू नये.

सोनोग्राफीवरून कर्करोग ठरत नाही. गाठ पोटाच्या स्नायूत किती खोल गेली आहे हे एमआरआयमध्ये अधिक चांगले दिसते. चिघळलेल्या व्रणाच्या कडेचे अनेक ठिकाणचे खोल तुकडे घ्यावे लागतात, कारण वरवरच्या तुकड्यात केवळ वाढलेली त्वचा दिसून फसगत होते. तपासणीच्या अर्जावर ‘पोटावरील गाठ’ एवढेच न लिहिता जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख करणे आवश्यक आहे, अन्यथा पॅथॉलॉजिस्टचे लक्ष मूत्रपिंडाच्या कर्करोगाकडे वळू शकते, कारण त्याच्या पेशीही अशाच स्वच्छ दिसू शकतात. पॅक्स-८ ही पेशींतील प्रथिनाची चाचणी दोन्हींत सकारात्मक येऊ शकते. सायटोकेराटिन-७ आणि नॅप्सिन-ए ही प्रथिने मात्र सहसा व्रणातील गाठीच्या बाजूने कौल देतात.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२५ मध्ये अंडाशयातील अशाच कर्करोगासाठी मांडलेले निकष येथेही वापरतात: शेजारी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाबाहेर रुजलेले त्याचे अस्तर) आढळावे आणि मूळ कर्करोग अन्यत्र नसावा. पहिली अट काटेकोरपणे लावणे योग्य नव्हे, कारण वाढता कर्करोग मूळ ऊतक गिळून टाकतो. दुसरीसाठी अंडाशय, गर्भाशय व मूत्रपिंडे स्कॅनमध्ये पाहतात आणि जांघेतील लसिकाग्रंथीही तपासतात.