झळ कळते तोवर ठीक: अवरक्त किरणांचा गुण आणि घात

मे महिन्यात विदर्भातल्या कुठल्याही गावी दिवे लागल्यावर पश्चिमेच्या भिंतीजवळून चालून पाहा. सूर्य केव्हाच बुडालेला असतो, वारा पडलेला असतो, भिंतीला हातही लागत नाही; तरी गालाला झळ जाणवते. दिवसभर तापलेली भिंत आपली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकत असते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीला कळतात. हेच अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा याच अदृश्य भागात असते.

चूल, निखारा, बैल, माणूस, सारेच हे किरण सोडतात. कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायचे ते यंत्र आपल्या कातडीतून निघणारे अवरक्त किरण मोजत होते. त्याने मेंदूला इजा होते अशी अफवा तेव्हा पसरली होती. ते यंत्र किरण घेते, डोक्यात सोडत नाही. काही यंत्रांचा लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. अवरक्त किरण क्ष-किरणांसारखे पेशींतले रेणू तोडू शकत नाहीत. त्यांची इजा मुख्यतः उष्णतेची. आणि उष्णतेची सूचना देण्याचे काम कातडी करतेच: साधारण ४३ ते ४५ अंशांपुढे तिला दुखू लागते आणि हात आपोआप मागे येतो. म्हणून मला वाटते, अवरक्त किरण चांगले की वाईट या प्रश्नात फारसा अर्थ नाही. शरीराची ही सूचना कुठे मिळत नाही, ते आधी पाहावे.

सगळ्यात आधी डोळा. पेरणीच्या आधी लोहाराकडे वखराच्या पासा घेऊन गर्दी होते. भट्टीतल्या लालभडक लोखंडाकडे तो तासन्‌तास बघत असतो. डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली उष्णता वाहून नेणारे कोणी नाही, आणि भिंगाला वेदनाही होत नाही. वर्षानुवर्षे असे तापत राहिले की भिंग पांढुरके होते. काच फुंकणाऱ्या आणि लोखंड वितळवणाऱ्या कामगारांचा मोतीबिंदू वैद्यकाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. प्रखर उजेडाला पापणी मिटते. अदृश्य किरणांना मिटत नाही. बाजारातला साधा काळा चष्मा इथे कामाचा नाही, कारण काच काळी असली तरी ती अवरक्त किरण अडवतेच असे नाही. वेल्डिंगची योग्य नंबरची काच अतिनील आणि अवरक्त दोन्ही अडवते. तालुक्याच्या रस्त्यांवर हात आडवा धरून वेल्डिंग करणारी पोरे दिसतात तेव्हा जीव तुटतो.

दुसरी जागा म्हणजे बधिर कातडी. वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन, कुष्ठसेवेची एवढी मोठी परंपरा आपल्या भागात आहे. गडचिरोली-चंद्रपुरात आजही नवे रुग्ण सापडतात. कुष्ठरोगात नस मेली की तळहाताला चटका कळत नाही. चुलीवरचे भांडे उतरवताना बोटे भाजतात आणि माणसाला ते फोड दिसल्यावर समजते. आता यात मधुमेहाची भर पडली आहे. जुन्या साखरेने पाय बधिर झालेला म्हातारा थंडीत शेकोटीला पाय लावून बसतो, सकाळी तळपायाला फोड. मधुमेही माणसाच्या जखमेचे पुढे काय होते, ते गावाला ठाऊक आहे. न भाजतासुद्धा रोज शेक घेत राहिले तर नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. असा डाग दिसला की शेक बंद करावा आणि डॉक्टरांना दाखवावे. क्वचित अशा जागी पुढे कर्करोगही होतो. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे लहान भांडे, धरणाऱ्यांत तो आढळला आहे.

शेकाचा गुणही तितकाच खरा. फिजिओथेरपीतला लाल दिवा अर्ध्या ते पाऊण मीटरवर ठेवून पंधरा-वीस मिनिटे शेक दिला की तिथले रक्ताभिसरण वाढते, आखडलेला स्नायू सैल होतो, दुखणे उतरते. निंदण-खुरपण करून कंबर धरलेल्या बाईला तेवढा आराम लाखमोलाचा असतो. पण मणक्यातली झीज त्याने भरत नाही. ताज्या मुक्या मारावर, सुजेवर, बाम चोळलेल्या जागेवर किंवा बधिर भागावर हा शेक घेऊ नये.

ग्रामीण रुग्णालयात नवजात बाळाला ज्या तापत्या दांडीखाली ठेवतात, तीही अवरक्तच. कमी वजनाच्या बाळाचे अंग झपाट्याने गार पडते, तिथे हे यंत्र जीव वाचवते. बाळाच्या पोटाला चिकटवलेला छोटा तापमापक त्याची उष्णता कमी-जास्त करतो. तो सुटला तर बाळ जास्त तापू शकते. म्हणून तो चिकटलेला आहे ना, हे आजीने नर्सबाईंना निःसंकोच विचारावे. घरी मात्र बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याचे घमेले ठेवून दार लावून घेऊ नये. बाळ भाजण्याइतकाच कोळशाच्या विषारी वायूचा धोका तिथे असतो, आणि त्या वायूला वास नसतो.

खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, तोंडाचा कर्करोग झालेल्यांवर रेडिएशन देताना तोंड सोलून निघते, पाणी गिळवत नाही. अशा वेळी तांबड्या आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाचा सौम्य उपचार दिला तर फोड कमी येतात, असे पुरावे आहेत आणि कर्करोगतज्ज्ञ तो सुचवतात. उष्णतेविना केवळ प्रकाशाने गुण येण्याचे हे भक्कम उदाहरण. याच्याच नावावर गावोगावच्या शिबिरांत पट्टे आणि गाद्या विकल्या जातात, त्यांचे मात्र तसे नाही. विजेशिवायचा पट्टा अंगाइतकाच गरम असतो. तो अंगाला वेगळी उष्णता कुठून देणार? घामावाटे विष निघते हाही दावा पोकळ, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. त्या पैशात साखर तपासून घ्यावी.

आणि टिनाची घरे. दुपारी ६०-६५ अंशांवर गेलेला पत्रा खाली झोपलेल्या माणसावर सतत किरण टाकतो. पंखा हवा हलवतो, किरण अडवत नाही. म्हणून पंख्याखालीही जीव कासावीस होतो. पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाटी अंथरण्याची आपली जुनी रीत शास्त्राला धरून आहे, फक्त ठिणगीपासून जपावे. पांढरा चुना त्याहून सुरक्षित: तो ऊन परतवतो आणि उरलेली उष्णता आकाशाकडे सहज सोडतो. पावसात तो धुपतो, त्यामुळे दरवर्षी होळी झाली की नव्याने मारावा लागतो.