व्हिज्युअल मर्चंडायझिंगचा पोर्टफोलिओ छापायला देण्यापूर्वी

व्हिज्युअल मर्चंडायझिंग म्हणजे दुकानातल्या मालाची आणि दर्शनी काचेमागच्या जागेची (विंडोची) आकर्षक मांडणी. आमच्याकडे छपाईला येणाऱ्या या कामाच्या बहुतेक पोर्टफोलिओंत सजवलेल्या विंडोचे देखणे फोटो भरपूर असतात, पण ती विंडो तशीच का मांडली, हे कुठेच दिसत नाही. मुलाखत घेणाऱ्याला नेमके तेच पाहायचे असते. त्यामुळे पाने जुळवताना आधी विचार मांडा, मग फोटो.

कामे कोणती घ्यावीत

आठ ते दहा कामे पुरेत. सर्वात भक्कम काम पहिले, त्याखालोखालचे शेवटी. प्रत्येक कामाला दोन ते चार पाने द्या: मूळ जागेचा फोटो, हाताने काढलेले स्केच, मोजमापांसह आराखडा, प्रॉपची (सजावटीच्या वस्तूंची) यादी, खर्चाची मर्यादा, मांडणीला लागलेला वेळ आणि मग अंतिम फोटो. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून हवा, नाहीतर तुलना फसते. ट्रायपॉडच्या पायांशी जमिनीवर टेप लावून ठेवा. काम चमूचे असेल तर तुमचा वाटा एका ओळीत लिहा. प्लॅनोग्राम (कोणता माल कुठे ठेवायचा याचा आराखडा) आणि विक्रीचे आकडे कंपनीची अंतर्गत माहिती असते, परवानगीशिवाय छापू नका.

प्रत्यक्ष अनुभव नसेल तर १:१० प्रमाणात फोमबोर्डची (फोमच्या हलक्या, कडक पुठ्ठ्याची) प्रतिकृती करा. २.४ मीटर रुंद विंडो २४ सेंटिमीटरची होते. अशी नीट मोजून केलेली प्रतिकृती आम्हाला संगणकावरच्या चकचकीत चित्रापेक्षा जास्त पटते, कारण तिच्यात प्रमाणाची चूक लपत नाही.

काचेमागचे फोटो

सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात. दिवसा काचेत रस्ता आणि फोटो काढणारा, दोघेही उमटतात. संध्याकाळी बाहेरचा उजेड आतल्या दिव्यांपेक्षा कमी झाला की प्रतिबिंब बरेच फिके पडते. उरलेल्यासाठी कॅमेऱ्यामागे काळे कापड धरा. पोलरायझर फिल्टर (लेन्सवर लावायची, चमक कमी करणारी काच) तिरप्या कोनातून, काचेशी साधारण ३५ अंशांवर, उत्तम चालतो. अगदी समोरून त्याचा जवळजवळ उपयोग होत नाही.

कॅमेरा विंडोच्या मध्यउंचीवर आणि सरळ ठेवा. वर किंवा खाली झुकवला की उभ्या कडा एकमेकींकडे कलतात. मोबाइलची वाइड लेन्स कडेच्या मॅनिकिनना (कपडे घातलेल्या पुतळ्यांना) ताणते. मागे सरकून मुख्य लेन्स वापरा. स्पॉटलाइट पिवळसर, बाहेरचा उजेड निळसर, अशी सरमिसळ असेल तर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचे कॅमेऱ्याचे सेटिंग) आतल्या दिव्यांनुसार ठेवा. बटण दाबण्यापूर्वी एक फेरी मारा: किमतीचे टॅग, टाचण्या, कपड्याच्या सुरकुत्या, मॅनिकिनच्या मनगटाचा सांधा. या गोष्टी संगणकावर पुसू नका, जागेवर दुरुस्त करा. तुमचे खरे कसब तिथेच दिसते.

आम्हाला फाइल देताना

ए-३ पूर्ण पानाच्या फोटोला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो ए-४ला सहज पुरतो, ए-३ला थोडा कमी पडतो आणि कापला तर आणखी कमी. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) ठेवा. बांधणीच्या कडेला २० मिलिमीटर मोकळे सोडा, नाहीतर मजकूर शिवणीत जातो. कागद आम्ही १७० ते २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) मॅट, म्हणजे न चमकणारा, सुचवतो. ग्लॉसीवर मुलाखतीच्या खोलीतले दिवे चमकतात.

निऑन गुलाबी, भगवा आणि गडद निळा हे रंग पडद्यावर दिसतात तसे सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंच्या) छपाईत येत नाहीत. तुमच्या कामात ते महत्त्वाचे असतील तर आधी एकाच पानाची चाचणी प्रत मागा. ईमेलसाठी १५० डीपीआयची, आरजीबी (पडद्यासाठीच्या लाल-हिरवा-निळा) रंगांतली वेगळी पीडीएफ तयार करा आणि ती १० एमबीच्या आत ठेवा. छपाईची फाइल तशीच पाठवली तर ती अनेक मेलबॉक्समध्ये पोहोचतच नाही.