टाटो: कागदाच्या फुलात सुईदोरा

हल्ली व्हिडिओंमध्ये ओरिगामीचे फुलासारखे मिटणारे छोटे पाऊच दिसतात ना, समोरासमोरची दोन टोकं ओढली की उघडतात आणि सोडून जरा दाबलं की परत चपटे होतात, ते बघून वाटतं कुठल्यातरी क्राफ्ट चॅनलवाल्यांनी काढलेलं नवीन काहीतरी असेल. नवीन अजिबात नाही. जपानमध्ये याला टाटो म्हणतात, आणि ते सजावटीसाठी नाही तर वापरायलाच होते.

हजारेक वर्षांपूर्वीच्या हेआन काळातले दरबारी लोक कपड्यात छातीपाशी घडीचे कागद बाळगायचे, कविता खरडायला, काही पुसायला. पुढे अशाच घड्यांमध्ये सुया, दोरे, कंगवे ठेवायला लागले, आणि किमोनो तर अजूनही कागदी आवरणातच ठेवतात. हे सगळं जमलं ते वाशी या जपानी हातकागदामुळे, तो कोझो झाडाच्या सालीचा, धागे लांब, त्यामुळे शंभरदा उघडमीट केली तरी घडीवर फाटत नाही. डिंक नाही, दोरा नाही, प्रत्येक पाकळी शेजारणीखाली खोचलेली, बस्स. (आपल्याकडे वैद्य चूर्णाची पुडी बांधतात त्यात पण टोक असंच आत खोचतात.)

सामुराई घराण्यांत भेटवस्तू गुंडाळायचे वेगळे कडक नियम होते, आत काय आहे त्यावर घडी ठरायची, त्यावर इसे सादाताके यांनी 1764 मध्ये पुस्तकच लिहिलं. चीनमध्ये ग्वेझोऊ भागातल्या मियाओ आणि दोंग बायकांकडेही सुईदोऱ्याच्या कागदी घड्या असतात, एकाखाली एक कप्पे असलेल्या, मला तर त्या जपानी टाटोपेक्षा जास्त भारी वाटतात.

टाटोला नक्षीचं वेड लावलं ते 20व्या शतकात, मिचिओ उचियामा (1878-1967) यांनी, त्यांच्या घड्यांतून फुलांची चिन्हं उमटायची, एकावर एक थर. गंमत म्हणजे त्यांचा मुलगा कोशो उचियामा झेन भिक्षू झाला, क्योतोच्या आंताइजी मठाचा प्रमुख होता, आणि तोही ओरिगामीची पुस्तकं लिहायचा! नंतर शुझो फुजिमोतो या हायस्कूलच्या शिक्षकांनी कागद पिळून घडी घालायचं तंत्र इतकं पुढे नेलं की एकाच कागदावर अशा पिळांची अख्खी जाळी बसायला लागली, पुस्तकं स्वतःच छापली. आता व्हिडिओंत या लोकांची नावं क्वचितच ऐकू येतात, सगळं आपलं 'इझी पेपर पाऊच'.