रोपाच्या लेबलावरील लॅटिन नाव : ते वाचावे कसे आणि लक्षात ठेवावे कसे

आमच्या रोपवाटिकेतून जाणाऱ्या प्रत्येक रोपाच्या लेबलावर मराठी नावाखाली त्याचे लॅटिन नाव दिलेले असते. बरेच ग्राहक ते एकदा वाचतात आणि पुढे मराठी नावानेच रोप ओळखतात, कारण ही नावे केवळ वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांसाठी असतात, अशी समजूत असते. अर्थ न कळता पाठ केलेले लॅटिन नाव लवकर विसरले जाते, हे खरे आहे. परंतु ही नावे ज्या शब्दांपासून बनतात ते शब्द मोजकेच असून पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांचा अर्थ समजला की पाठांतराचे ओझे फार हलके होते. हे पत्रक त्यासाठीच तयार केले आहे.

मराठी नाव असताना लॅटिन नाव कशाला

मराठी नावे सुंदर आहेत आणि ती टिकावीत असेच आम्हाला वाटते. मात्र एकच नाव अनेक झाडांना लागते, तेव्हा खरेदीत घोटाळा होतो. ‘चाफा’ हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. जाड फांद्यांचा, चीक असलेला, पानगळीनंतर उघडा दिसणारा चाफा म्हणजे प्लुमेरिया रुब्रा. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका. हिरवा चाफा म्हणजे आधाराने चढणारे आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस. आणि नागचाफा म्हणजे अतिशय कठीण लाकडाचा वृक्ष मेसुआ फेरिया. ही चारही झाडे चार वेगवेगळ्या कुलांतील, म्हणजे वनस्पतींच्या मोठ्या गटांतील आहेत. त्यांची उंची, पाण्याची गरज, वाढीचा वेग आणि अभिवृद्धीची पद्धत यांत फारसे साम्य नाही. ‘अशोक’ या नावाचेही असेच आहे. शेंदरी-केशरी फुलांचे गुच्छ येणारा सीतेचा अशोक म्हणजे सराका असोका, तर सरळसोट वाढणारा, लांब नागमोडी कडांच्या पानांचा हिरवा वृक्ष म्हणजे मोनून लाँगिफोलियम. फुलांसाठी अशोक लावायचा असेल आणि दुसरे रोप घरी गेले, तर ही चूक लक्षात येईपर्यंत कित्येक वर्षे गेलेली असतात.

इंग्रजी व्यापारी नावे या गोंधळात भरच घालतात. ‘नाइट जॅस्मिन’ म्हणून पारिजातकही विकला जातो आणि रातराणीही. पहिला निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस, दुसरी सेस्ट्रम नॉक्टर्नम. आणि मोगरा, जाई, जुई ज्या जॅस्मिनम प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) येतात, तिच्याशी यांपैकी एकाचाही थेट संबंध नाही. कुंड्यांमध्ये ‘जिरॅनियम’ म्हणून सर्वत्र ओळखले जाणारे रोप प्रत्यक्षात पेलार्गोनियम असते. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी दोन्ही एकाच प्रजातीत ठेवली होती. १७८९ साली पेलार्गोनियम वेगळी करण्यात आली, पण व्यवहारातले जुने नाव आजही सुटलेले नाही.

नावाची घडण

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे तिचे वर्णन करणारे एक लांबलचक लॅटिन वाक्य असे. ‘भरपूर फांद्या असलेली, कोनदार गुळगुळीत फांद्यांची, दातेरी पानांची फायसॅलिस’ अशा धाटणीची ती नावे होती आणि नवीन जात सापडली की वेगळेपणा दाखवण्यासाठी वाक्य आणखी वाढे. लिनियस यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे सुटसुटीत नाव दिले. वरील वनस्पती तेव्हापासून केवळ फायसॅलिस अँग्युलाटा म्हणून ओळखली जाते. वनस्पतींच्या नावांची आजची अधिकृत गणना याच वर्षापासून धरली जाते.

यातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. रोमन लिपीत प्रजातिनामाचे पहिले अक्षर मोठे, जातिनाम पूर्णपणे लहान अक्षरांत आणि दोन्ही शब्द तिरप्या ठशात छापतात. त्यापुढे एकेरी अवतरणचिन्हांत आणि सरळ ठशात एखादे नाव असेल, तर ते माणसाने निवडून जोपासलेल्या वाणाचे असते. दोन शब्दांच्या मध्ये गुणाकाराचे चिन्ह दिसले, तर ते रोप संकरित आहे असे समजावे. उदाहरणार्थ, बोगनवेलीच्या लेबलावर ‘बोगनव्हिलिया × बुटियाना ‘मिसेस बट’’ असे लिहिलेले असेल, तर संकर कोणता आणि त्यातला वाण कोणता, हे दोन्ही त्यातून कळते. वाणाचे नाव क्षुल्लक समजून वगळू नये, कारण फुलाचा रंग, झाडाची उंची आणि बहर यांतला फरक बहुधा वाणावरच अवलंबून असतो.

मोजके शब्द, पुष्कळ नावे

पाठांतराची सुरुवात बहुतेक जण प्रजातिनामापासून करतात. आमचा सल्ला वेगळा आहे. आधी जातिनामांकडे पाहावे, कारण ती बहुतांशी विशेषणे असतात आणि तीच विशेषणे शेकडो झाडांना लागलेली आढळतात. आल्बा म्हणजे पांढरी, रुब्रा लाल, ल्युटिया पिवळी, नायग्रा काळी, पर्प्युरिया जांभळी, कॉक्सिनिया गडद लाल. ग्रँडिफ्लोरा म्हणजे मोठ्या फुलांची, पार्विफ्लोरा लहान फुलांची. लॅटिफोलिया रुंद पानांची, अँगस्टिफोलिया अरुंद पानांची, लाँगिफोलिया लांब पानांची. या तीन-चार जोडशब्दांतच ‘फ्लोरा’ म्हणजे फूल आणि ‘फोलिया’ म्हणजे पान हे मनात ठसते, आणि मग रोटुंडिफोलिया हे नाव प्रथमच वाचले तरी गोल पानांचे रोप डोळ्यांसमोर येते. ग्रीकमधून आलेले शब्दही असेच वारंवार भेटतात : ‘फायला’ म्हणजे पाने, ‘अँथस’ म्हणजे फूल, ‘मॅक्रो’ म्हणजे मोठे, ‘मायक्रो’ म्हणजे लहान. हायड्रेंजिया मॅक्रोफायला हे नाव त्यामुळे स्वतःच आपला अर्थ सांगते.

बागेत सर्वांत उपयोगी पडतात ती सवय आणि अधिवास सांगणारी विशेषणे, आणि या गटावर ग्राहकांनी विशेष लक्ष द्यावे असे आम्हाला मनापासून वाटते. रेपेन्स म्हणजे सरपटत पसरणारी, स्कँडेन्स म्हणजे चढणारी, इरेक्टा म्हणजे ताठ उभी, नाना म्हणजे बुटकी, पेंड्युला म्हणजे खाली झुकलेली. पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीत वाढणारी, मोंटाना डोंगरावरची, मॅरिटिमा समुद्रकाठची, सिल्व्हेस्ट्रिस रानातली. रेपेन्स हे नाव वाचूनही रोप अरुंद वाफ्यात मधोमध लावले, तर पुढे होणाऱ्या छाटणीची सूचना लेबलाने आधीच दिलेली होती, असे म्हणावे लागेल. सटायव्हा म्हणजे लागवडीची आणि ऑफिसिनॅलिस म्हणजे औषधी म्हणून साठवली जाणारी. ही दोन नावे त्या वनस्पतीचा माणसाशी असलेला जुना संबंध सांगतात.

काही नावे तर वनस्पतीचा स्वभावच टिपतात. तेरड्याची पक्व बोंडे हात लागताच फुटतात, म्हणून ती इंपेशन्स, म्हणजे अधीर. लाजाळू म्हणजे मिमोसा प्युडिका. प्युडिका म्हणजेही लाजरी. पारिजातकाच्या निक्टँथिस या नावात रात्री उमलणारे फूल आहे आणि आर्बर-ट्रिस्टिस म्हणजे उदास झाड; पहाटे फुले गळून गेल्यावर दिसणारे ते झाड ज्याने पाहिले आहे, त्याला हे नाव पुन्हा पाठ करावे लागत नाही.

स्थलवाचक नावांबाबत मात्र सावध असावे. सायनेन्सिस आणि चायनेन्सिस म्हणजे चीनची, जॅपोनिका जपानची, इंडिका भारताची, असा शब्दार्थ असला तरी नाव देणाऱ्याला मूळ प्रदेश नेहमीच ठाऊक होता असे नाही. टॅमरिंडस इंडिका, म्हणजे चिंच, मूळची आफ्रिकेतील आहे. सिला पेरुव्हियाना भूमध्य समुद्राच्या परिसरातील आहे. आणि सिमंडसिया चायनेन्सिस, म्हणजे होहोबा, उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातील झुडूप आहे. अशा नावावरून हवामानाची गरज ठरवू नये.

व्यक्तींवरून दिलेली नावे अर्थाने लक्षात राहत नाहीत. त्यांना कथेचा आधार द्यावा लागतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए यांनी बेगोनिया, मॅग्नोलिया, फ्युशिया आणि लोबेलिया ही नावे अनुक्रमे बेगाँ, मान्योल, फुक्स आणि लोबेल यांच्या सन्मानार्थ दिली, आणि चाफ्याचे प्लुमेरिया हे नाव स्वतः प्लुमिए यांच्या सन्मानार्थ आहे. ही एक हकीकत लक्षात ठेवली की पाच प्रजाती एकत्र लक्षात राहतात. जातिनाम ‘आय’ने संपत असेल तर ते बहुधा पुरुषावरून आणि ‘ए-ई’ या जोडाक्षराने संपत असेल तर स्त्रीवरून दिलेले असते. रोझा बँक्सिई हे गुलाबाचे नाव जोसेफ बँक्स यांच्या पत्नी डोरोथिया यांच्यावरून आले आहे.

शेवट का बदलतो

आल्बस, आल्बा, आल्बम अशी एकाच शब्दाची तीन रूपे पाहून अनेकांना वाटते की ही तीन वेगळी नावे आहेत. मराठी वाचकाला हे समजणे खरे तर सोपे जावे, कारण आपणही पांढरा, पांढरी, पांढरे असे विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलतो. लॅटिनमध्येही हीच तीन लिंगे आहेत. लुपिनस पुल्लिंगी म्हणून लुपिनस आल्बस, चंदनाची सँटॅलम प्रजाती नपुंसकलिंगी म्हणून सँटॅलम आल्बम. वृक्षांची जुनी लॅटिन नावे ‘अस’ने संपत असली तरी बहुधा स्त्रीलिंगी मानली जातात, म्हणून तुती मोरस आल्बा आणि पिंपळ फायकस रिलिजिओसा. ‘इस’ने संपणाऱ्या विशेषणांचे रूप पुल्लिंगात आणि स्त्रीलिंगात सारखेच राहते.

याखेरीज संस्कृत आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषाकुलातील असल्याने काही शब्द आपल्याला आधीच परिचयाचे आहेत. डेंटाटा म्हणजे दातेरी, त्यात ‘दंत’ आहे; नॉक्टर्नममध्ये रात्रीचा ‘नक्त’ आहे; ट्रायफोलियामध्ये ‘त्रि’ आहे; आणि गुडघ्यासारखी वाकलेली या अर्थाच्या जेनिक्युलाटामध्ये ‘जानु’ आहे. नवीन नाव समोर आले की आधी असा ओळखीचा धागा शोधून पाहावा.

लक्षात ठेवण्याची पद्धत

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूह पाठ केल्यास विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो, अर्थपूर्ण मजकुरास तुलनेने सुमारे एक दशांश श्रम पुरतात आणि एकाच बैठकीत केलेल्या आवर्तनांपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली आवर्तने अधिक टिकतात, असे त्यांना आढळले. बागेत हे तिन्ही निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडतात.

एका वेळी चार-पाचच नावे घ्यावीत, आणि तीही आपल्या बागेत प्रत्यक्ष असलेल्या झाडांची. झाडासमोर उभे राहून नाव मोठ्याने उच्चारावे आणि त्याचा अर्थ झाडाच्या ज्या भागात दिसतो तिथे बोट ठेवावे : पान, फूल, खोड किंवा वाढीची ठेवण. दुसऱ्या दिवशी लेबल पाहण्यापूर्वी नाव आठवून पाहावे. आठवण्याचा हा प्रयत्न अपुरा पडला तरी तो केवळ पुन्हा वाचण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो. त्यानंतर तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने उजळणी करावी. पाणी घालण्याची वेळ यासाठी उत्तम, कारण तेव्हा प्रत्येक झाडापाशी आपण थांबतोच.

लेबल स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावे आणि शक्यतो शिसपेन्सिलीने लिहावे. पेनाची किंवा मार्करची शाई उन्हाने उडते, शिसे उडत नाही. काही नावे जमली की ती कुलानुसार एकत्र करावीत. कण्हेर, सदाफुली, तगर, चाफा आणि अलामांडा ही सारी ॲपोसायनेसी कुलातील आहेत. त्यांचा चीक, पाकळ्यांची एका बाजूला पिळलेली मांडणी आणि बहुतेकांची विषारी प्रकृती हे सामायिक गुण ध्यानात आले की नावेही एकमेकांच्या आधाराने टिकतात.

उच्चाराची चिंता करू नये. वेगवेगळ्या देशांतील वनस्पतिशास्त्रज्ञ एकच नाव आपापल्या भाषेच्या वळणाने उच्चारतात आणि त्यांचे व्यवहार अडत नाहीत. सर्व अक्षरे स्पष्ट म्हणावीत, इतके पुरे आहे. स्पेलिंग मात्र अचूक असावे, कारण शोध आणि खरेदी त्यावरच चालतात.

नाव बदलते तेव्हा

कष्टाने पाठ केलेले नाव बदलले की ग्राहक नाराज होतात आणि ती नाराजी आम्हाला समजते. बदलाची कारणे प्रामुख्याने दोन असतात : आधी प्रसिद्ध झालेले वैध नाव उजेडात येते, किंवा जनुकीय अभ्यासातून झाडाचे नातेसंबंध वेगळे ठरतात. मधुमालती पूर्वी क्विसक्वॅलिस इंडिका होती, आता ती काँब्रेटम इंडिकम आहे. सर्पपर्णी म्हणून ओळखली जाणारी सान्सिव्हिएरिया ट्रायफॅसिआटा आता ड्रसिना ट्रायफॅसिआटा आहे. या उदाहरणांत एक दिलासा आहे : प्रजाती बदलली तरी जातिनाम बहुधा कायम राहते, फार तर लिंगानुसार त्याचा शेवट बदलतो. पॉलिअल्थिया लाँगिफोलियाचे मोनून लाँगिफोलियम झाले तेही असेच. आधी जातिनामे शिकावीत, या आमच्या सल्ल्यामागे हेही एक कारण आहे. कधी बदल मागेही घेतला जातो. शेवंतीला काही काळ डेंड्रँथेमा म्हटले गेले आणि पुढे क्रिसँथेममच हे नाव कायम करण्यात आले.

आमच्या लेबलांवर प्रचलित नाव वर आणि जुने नाव त्याखाली कंसात असते. प्रजातिनामापुढे केवळ ‘एस. पी.’ ही अक्षरे दिसली, तर त्या रोपाची जात आमच्याकडून निश्चित झालेली नाही, असा त्याचा अर्थ आहे. अंदाजाने नाव लिहिण्यापेक्षा आम्ही जागा मोकळी ठेवणे पसंत करतो. रोपाविषयी काही विचारायचे असल्यास लेबलावरील पूर्ण नाव वाणासह कळवावे, आणि लेबल हरवले असल्यास पानाच्या दोन्ही बाजू, फांदीवरील पानांची मांडणी आणि फूल यांची छायाचित्रे पाठवावीत, कारण केवळ फुलावरून जात ठरवणे पुष्कळदा शक्य होत नाही.