लांब रंग आणि पहिली बोली

काँट्रॅक्ट ब्रिज या दोन जोड्यांच्या पत्त्यांच्या खेळात १३ पैकी सहा-सात किंवा अधिक पाने एकाच रंगाची आली की बोली कोणत्या पातळीवर उघडायची, हा निर्णय. बोली म्हणजे किती हात करणार याचा वायदा: ‘एक’ म्हणजे सात हात, ‘तीन’ म्हणजे नऊ. पास, एक, दोन, तीन, चार असे सगळे पर्याय खुले असतात. नुसती लांबी पाहून ठरवले तर हमखास फसगत होते. गुण किती आणि ते कुठे पडले आहेत, हे आधी पाहावे लागते.

गुणांचा हिशेब एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ असा. चारही खेळाडूंकडे मिळून ४०. साधारण १२-१३ गुणांना एकची बोली लावतात. लांब रंग असेल तर ही अट सैल होते. गुणांत दोन सर्वांत लांब रंगांची पाने मिळवून बेरीज २० झाली तरी पुष्कळ खेळाडू बोली उघडतात.

गोव्यात पत्ते म्हटले की बाहेरच्या माणसाला मांडवीतल्या कॅसिनो बोटी आठवतात. खरे तर चवथीला गावच्या घरी सगळे जमले की पत्त्यांचे डाव मांडले जातात, आणि ब्रिजकडे वळणारा तिथली एक खोड बरोबर आणतो: हुकमाची पाने भरपूर दिसली की आपलेच घोडे दामटायचे. ब्रिजमध्ये समोर भिडू बसलेला असतो. बोली त्याला काहीतरी सांगण्यासाठी असते.

समजा इस्पिक राजा, राणी, गुलाम, १०, ८, ५, ३. बदाम ९, ४. चौकट ७, ६, २. किलवर ५ अशी पाने आली. गुण अवघे सहा. इस्पिक हुकूम झाले तर एक एक्का देऊन सहा हात होतात. दुसरा कुठलाही रंग हुकूम झाला तर ही पाने जवळपास निकामी. म्हणून ‘तीन इस्पिक’, ही अडवणुकीची बोली. प्रतिस्पर्ध्यांना एक-दोनच्या पातळीवर बोलायला जागाच उरत नाही. भिडूकडून काहीच मिळाले नाही तर डबलमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी दंड वाढवणारी बोली लावल्यावर, तीन हात कमी पडून स्कोअरचे ५०० गुण जातात. पण व्हल्नरेबल (ज्यांना बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त, अशा) प्रतिस्पर्ध्यांचा चार बदामांचा डाव ६२० चा असतो. आपण व्हल्नरेबल असलो तर तेच तीन हात ८०० ला पडतात. अशा वेळी दोन इस्पिकांवर थांबणे शहाणपणाचे.

आता बदाम ९ च्या जागी एक्का आणि चौकट ७ च्या जागी राजा ठेवा. गुण १३. बोली ‘एक इस्पिक’. इथे तीन म्हटले तर भिडू आपल्याला कमकुवत समजून चांगल्या पानांवरही पास करील आणि हातचा डाव (मोठ्या बक्षिसाची ‘गेम’) जाईल. २२ किंवा अधिक गुण असतील, किंवा लांब रंगाच्या जोरावर एकट्यानेच नऊएक हात होणार असतील, तर प्रचलित पद्धतींत ‘दोन किलवर’ म्हणतात. त्या बोलीचा किलवरच्या पानांशी काही संबंध नसतो.

किलवर-चौकटीत डावासाठी ११ हात लागतात, इस्पिक-बदामात १०, नोट्रम्पमध्ये (हुकूम नसलेल्या बोलीत) नऊच. त्यामुळे एक्का-राजा-राणीसह सात पानांचा पक्का किलवर किंवा चौकट असून बाहेर एक्का-राजा नसेल, तर काही जोड्या थेट ‘तीन नोट्रम्प’ बोलतात. तिला गॅम्बलिंग नोट्रम्प म्हणतात; गोव्यात हे नाव ऐकून भुवया उंचावल्या तर नवल नाही! सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सांगताना तिच्यातील नशिबाची तुलना ब्रिजच्या पानवाटपाशीच केली होती. डुप्लिकेट स्पर्धेत तर तीच पाने प्रत्येक मेजावर फिरतात.

बसण्याची जागा, म्हणजे बोलीतली आपली पाळी कितवी, हेही पाहावे लागते. तिसऱ्या जागेवर, भिडूने पास केल्यानंतर, अडवणुकीची बोली थोडी सैल हाताने लावता येते. पहिल्या-दुसऱ्या जागेवर बाजूला बदाम किंवा इस्पिकची चार पाने असतील तर अनेकजण ती टाळतात, कारण तोच रंग भिडूकडे असू शकतो. चौथ्या जागेवर तिघांनी पास केल्यावर अडवायला कोणी उरतच नाही. सहा गुणांवर तीन म्हणण्यात हशील नाही, डाव टाकून नवी पाने वाटलेली बरी. काठावरच्या पानांना तिथे गुण आणि इस्पिकची पाने यांची बेरीज १५ होते का, एवढे पाहतात.